किनाऱ्यावरील घर : आधी मोजणी, मग विसार
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्तरावरील अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणच्या किनाऱ्यावर आपले एक घर असावे, ही इच्छा आता केवळ कोकणवासीयांपुरती राहिलेली नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाला. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई व रायगड यांना जोडणारा अटल सेतू खुला झाला. दळणवळणाची साधने वाढली, तसतशी पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांत घर, वाडी वा भूखंड पाहावयास येणाऱ्यांची संख्याही वाढत गेली. त्यांत जादा पैसा गुंतवू पाहणारा शहरवासी असतो. तद्वतच उभे आयुष्य मुंबईत चाकरी करून, भविष्य निर्वाह निधीची रक्कम घेऊन गावाकडे परतणारा गृहस्थही असतो. पहिल्याचा व्यवहार फसला तर त्याचे नुकसान होते. दुसऱ्याचा फसला तर त्याचे म्हातारपणच उघड्यावर पडते.

असे व्यवहार बहुधा कोणत्या क्रमाने होतात, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. घर पसंत पडते, माडांच्या आडून समुद्र दिसतो, विसार दिला जातो आणि कागदपत्रांची चौकशी मग सुरू होते. हा क्रम उलटा आहे. प्रथम मालकी, नंतर हद्द, त्यानंतर भरतीरेषेपासूनचे अंतर, मग इमारतीची प्रकृती आणि सर्वांत शेवटी विसार, असा क्रम असला पाहिजे. आजच्या विवेचनाचा सारांश एवढाच आहे.

मालकी कोणाची?

सातबारा हा शब्द घरोघरी पोहोचला आहे; त्याचा अर्थ मात्र तितका पोहोचलेला नाही. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि बारा ही पिकांची नोंदवही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंदी, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. तथापि केवळ फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांतून स्पष्ट केले आहे. म्हणून उताऱ्यावरील नाव वाचून न थांबता, ते नाव तेथे कसे आले हे सांगणारे जुने फेरफार पाहावे लागतात, आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील सूची क्रमांक दोनचा मागील तीस वर्षांचा शोध वकिलामार्फत घ्यावा लागतो.

आठ या आकड्याने होणारा घोटाळाही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, मिळणारा आठ-अ हा खातेदाराच्या जमिनींचा उतारा होय. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंद होय. दुसरा कागद करवसुलीसाठी असतो. तो मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टीची पावती दाखवून घर विकले गेल्याची आणि पुढे जमीन भलत्याच्याच नावे निघाल्याची तक्रार ज्या गावात आली नाही, ते गाव भाग्यवान म्हटले पाहिजे.

कोकणातील मिळकती बहुधा सामाईक असतात. एक भाऊ गावी, दोन मुंबईत, बहिणी सासरी, अशी स्थिती असता गावी राहणारा भाऊ एकटाच व्यवहार ठरवतो. हिंदू उत्तराधिकार अधिनियमात २००५ मध्ये झालेल्या सुधारणेने वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांबरोबरीचा हक्क मिळाला आहे. सबब बहिणींच्या सह्यांवाचून झालेले खरेदीखत पुढे वादात सापडू शकते. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एखादा हिस्सा परक्या माणसाने विकत घेतला, तरी त्या घरात इतरांसह एकत्र ताबा मिळण्याचा हक्क त्याला प्राप्त होत नाही. असा खरेदीदार पैसे देऊनही उंबरठ्याबाहेरच राहतो.

जमीन शेतीची असल्यास आणखी एक प्रश्न उभा राहतो. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ ने, काही अपवाद वगळता, बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. उताऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असेल, अगर इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे, बँकेचे वा सोसायटीचे नाव असेल, तर त्याचा उलगडा झाल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये.

हद्द कोठे?

मालकी ठरली तरी हद्द ठरत नाही. कोकणात दोन मिळकतींमध्ये बहुधा चिऱ्याचा गडगा असतो. पण गडगा आजोबांनी घातलेला असतो आणि तो घालताना मोजणीदार जवळ असतोच असे नाही. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांबी-रुंदीची, १,०८९ चौरस फुटांची जागा. पाच गुंठ्यांच्या लहान वाडीत गडगा एका बाजूने चार-पाच फूट सरकलेला असला, तर विहीर कोणाच्या हद्दीत पडते आणि पाखाडीवरून येण्याचा मार्ग कोणाचा, हे प्रश्न उभे राहतात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे शासकीय मोजणी. मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात जमीनधारकाने करावयाचा असतो. म्हणून खरेदीदाराने विक्रेत्याकडे तसा आग्रह धरावा आणि फी कोणी भरावी हे आधीच ठरवावे. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, ठरल्या दिवशी भूकरमापक येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत अर्जदारास मिळते. पूर्वी हे काम साखळीने व फलकावर होई. आता उपग्रहाच्या आधारे स्थान निश्चित करणारी यंत्रे आली आहेत. साधन बदलले तरी शेजाऱ्यांची उपस्थिती तितकीच महत्त्वाची आहे. नोटीस मिळूनही मोजणीस न येणारा शेजारी बरेचदा घर बांधून झाल्यावर मात्र अवश्य येतो.

घर गावठाणात असल्यास पूर्वी नकाशाचीच अडचण असे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनद्वारे गावठाणांचे भूमापन हाती घेण्यात आले आणि धारकांना मिळकत पत्रिका देण्यास प्रारंभ झाला. ज्या गावात ही पत्रिका झाली आहे, तेथे ती पाहिल्यावाचून व्यवहार करू नये.

भरतीरेषा कोठून जाते?

देशावरच्या गावात घर घेणाऱ्याची चौकशी येथे संपते. किनाऱ्यावर ती येथे सुरू होते. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली सागरी किनारा नियमन अधिसूचना निघाली. तिची जागा ६ जानेवारी २०११ च्या आणि पुढे १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने घेतली. भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूस ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांखाली येतो. ग्रामीण भागात भरतीरेषेलगत ना-विकास क्षेत्र असते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार, २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असलेल्या ग्रामीण क्षेत्रात ते ५० मीटर आहे, इतरत्र २०० मीटर. खाडीकाठी हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते धरले जाते. ना-विकास क्षेत्रातील जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती वा पुनर्बांधणी मर्यादेत राहून करता येते. पण जोते व क्षेत्र वाढवता येत नाही. जुने घर पाडून तेथे मोठे घर बांधू, या हिशेबाने पैसे मोजणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भरतीरेषा म्हणजे आज सकाळी लाटांनी वाळूवर ठेवलेली खूण नव्हे. उधाणाच्या भरतीत पाणी जमिनीवर जास्तीत जास्त जेथवर पोहोचते ती ही रेषा असून ती मंजूर नकाशांवर आखलेली असते. हे नकाशे १ : २५,००० प्रमाणाचे असल्याने लहान भूखंड त्यांवर टिंबाएवढा दिसतो. म्हणून सर्व्हे क्रमांक स्थानिक, मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर ताडून पाहावा आणि शंका राहिल्यास महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे विचारणा करावी. खाडीलगत कांदळवन असल्यास त्यापासून ५० मीटरपर्यंत बांधकामास असलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कायम केली आहे, तीही लक्षात घ्यावी.

स्थानिक परवानगी हाती आहे म्हणून निश्चिंत राहता येते काय, याचे उत्तर केरळातून मिळाले आहे. कोचीजवळ मरडू येथे स्थानिक पंचायतीने दिलेल्या परवान्यांवर सदनिकांची संकुले उभी राहिली. लोकांनी घरे घेतली, कर भरले, संसार थाटले. ही बांधकामे किनारा नियमांच्या विरुद्ध असल्याने ८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चारही संकुले स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आली. सदनिकाधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश झाला. घर मात्र गेले ते गेलेच. आपल्या अलिबाग तालुक्यातही किहीमच्या किनाऱ्यावरील एक मोठा बंगला ८ मार्च २०१९ रोजी याच रीतीने पाडण्यात आला. कायद्यापुढे बंगला मोठा की सदनिका लहान, हा प्रश्न उरत नाही.

घराची प्रकृती

कागद व नकाशा निर्वेध असल्यावर घराकडे वळावे. खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमध्ये शिरतात, आतील सळई गंजते, गंजताना फुगते आणि वरचा थर सुटून पडतो. रंग नवा असला तरी सज्जाच्या व टाकीच्या खालच्या बाजूस सळईच्या रेषेत गेलेल्या चिरा, तांबूस डाग आणि हातोडीने ठोकल्यास येणारा पोकळ आवाज ही लक्षणे लपत नाहीत. काँक्रीट बांधकामाच्या आय. एस. ४५६ : २००० या भारतीय मानकाने किनारी हवामान ‘तीव्र’ वर्गात धरले असून त्यासाठी सळईवर किमान ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. ही पाहणी स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावी. चिऱ्याच्या जुन्या घरात वाशांची, तुळयांची आणि वाळवीची तपासणी तितकीच अगत्याची.

विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर चाखून निर्णय घेऊ नये. ते वैशाखात चाखावे आणि प्रयोगशाळेत तपासावे. वाळूच्या किनाऱ्यावर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली त्याचा थर सर्वसाधारणपणे चाळीस मीटर असतो. वरची पातळी थोडी उतरली की खालचे खारे पाणी पुष्कळ वर चढते. शेजारी नव्या बंगल्यांच्या कूपनलिका झाल्या असतील, तर आजचे गोडे पाणी उद्याही गोडे राहील असे धरून चालू नये.

घर एकदा तरी अमावास्येच्या अगर पौर्णिमेच्या सुमारास, भरतीच्या वेळी, आणि शक्य तर आषाढ-श्रावणात पाहावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात छपराचे काय झाले आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, हे शेजारच्या वृद्धांस विचारावे. नदीमुखाजवळील गावांत पूररेषांची चौकशी करावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणकरांनी वाशिष्ठीचा पूर आणि समुद्राची भरती यांची गाठ पडल्यावर काय होते, ते अनुभवले आहे.

गावाची जबाबदारी

हे सर्व खरेदीदाराने करावयाचे. मग ते आपणांस सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. प्रयोजन असे की, परगावचा मनुष्य प्रथम आपल्याच दारी येतो. सरपंचांना घराविषयी विचारतो, ग्रामपंचायतीत उतारा मागतो, शाळेतील गुरुजींना शेजार कसा आहे ते पुसतो. त्या वेळी नमुना आठ हातावर ठेवताना ‘हा मालकीचा पुरावा नाही’ हे एक वाक्य बोलण्यास खर्च येत नाही. गावचा मंजूर किनारा नकाशा व पूररेषेचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येतो, ग्रामसभेत त्याचे वाचन करता येते. भरतीरेषेच्या पट्ट्यातील बांधकामाचा अर्ज आला असता, सक्षम प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून त्यास होकार न देणे हे तर कर्तव्यच आहे. मरडूची घरे ज्या परवान्यांवर उभी राहिली, तेही कोणा पंचायतीच्या कार्यालयातूनच बाहेर पडले होते.

मोजणीची फी, अभियंत्याचे मानधन आणि वकिलाचा शोध यांचा खर्च घराच्या किमतीच्या मानाने अल्प असतो; वेळ मात्र लागतो. काही महिने थांबावे लागले म्हणून एखादे घर हातचे जाईल. पण जो विक्रेता मोजणीला नकार देतो आणि विसाराची घाई करतो, त्याचे घर हातचे गेले तर खेद करण्याचे कारण नाही. गावात येणाऱ्या प्रत्येक खरेदीदारास एवढे सांगणारा एक तरी जाणता मनुष्य गावोगाव असावा, अशी अपेक्षा आहे. आणि तो आपणांपैकीच असू शकतो.