रांगेतला माणूस



मी पुरवठा खात्यात होतो, म्हणून हा इतिहास मला जवळचा वाटतो. अमेरिकेतले यादवी युद्ध संपता संपता, मार्च १८६५ मध्ये, निर्वासित आणि गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी सरकारने खाते काढले. जनरल हॉवर्ड त्याचे प्रमुख झाले. शिधा गोऱ्या निर्वासितांनाही मिळे; ‘फुकट खाऊन आळशी होतील’ ही ओरड मात्र मुख्यतः काळ्यांबद्दल. ऑक्टोबर १८६६ पासून इस्पितळे आणि अनाथालये वगळता शिधा बंद झाला. त्या वर्षी पिके बुडाली होती. १८६७ मध्ये तो पुन्हा वाटावा लागला.

पिढ्यान्‌पिढ्या बिनमजुरी राबलेल्यांना आळशी म्हणणारे त्यांच्याच कष्टांवर जगले होते. मित्रहो, रांगेतल्या माणसाची गरज तपासावी, लायकी काढू नये.