गावचा रेडिओ

रेडिओवर शहरातल्या माणसानं बोलायचं आणि आपण ऐकायचं, अशी आपली सवय. पण ज्या लहरींवरून आवाज येतो, त्या लहरी जनतेच्या आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. पुढे २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही रेडिओचा परवाना खुला झाला. २००८ साली आजच्या तेलंगणातल्या माचनूर गावी संघम रेडिओ सुरू झाला. तो चालवायला पुढे आल्या दलित शेतकरी बाया! बी-बियाणं, घरगुती औषधं, सणाची गाणी. सारं त्यांच्याच बोलीत.

समजा, उद्या आपल्या गावात असं केंद्र निघालं. एक बाई बोलली, "आमच्या वस्तीत आठ दिवस पाणी नाही." तिला गप्प करायचं का? मुळीच नाही. सरपंचांना झोंबलं, तर झोंबू द्या. मात्र त्यांनाही बोलवा. त्यांचंही म्हणणं तितकाच वेळ ऐकवा. पण कोणी सरपंचांची जात काढली, तर तिथं माईक बंद. "दादा, कामाचं बोला," असं त्याला सांगा.

प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा, असा नियम आहे. म्हणजे "मी तसं बोललोच नाही" ही पळवाट उरत नाही.

आणि एक. माईक दिसला की बोलकी माणसंच पुढे सरतात. कोपऱ्यात बसलेल्या बाईकडे माईक न्या. पहिल्या दिवशी ती नुसतं नाव सांगेल. मग कधीतरी नळाचं विचारील.