चारा बदलताना जनावराच्या पोटाचा विचार

(धारवाड येथे शेतकरी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्नाटकी बेंदूर आणि पावसाळ्याचा आरंभ हे धारवाड भागात बहुधा मागेपुढेच येतात. उन्हाळाभर कडब्यावर राहिलेली म्हैस एकाएकी कोवळ्या गवतावर सुटते, आणि सणाच्या दिवशी बैलापुढे पुरणपोळीही येते. घासभर पोळीने काही बिघडत नाही. परंतु पंगतीत उरलेला भात व पोळ्या घमेलेभर पुढे ठेवल्या, तर जनावर रवंथ करावयाचे थांबते आणि धडधाकट बैलही दगावू शकतो. असे का होते, हे सांगण्याकरिता मी आज उभा आहे.

गाईम्हशींच्या पोटाचा पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. त्यातील एक मिलिलिटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जिवाणू असतात. कडब्यातील तंतू म्हैस स्वतः पचवू शकत नाही; ते काम हे जिवाणू करतात. तंतू फोडणारे जिवाणू निराळे, पिष्ट फोडणारे निराळे. कडब्यावरील जनावरात पहिल्यांचे प्राबल्य असते. अशा पोटात एकाएकी भात किंवा धान्य गेले की दुसरे झपाट्याने माजतात, आम्ल साचते आणि तंतू फोडणारे मरू लागतात. म्हणून नवा चारा अथवा खुराक दोन-तीन आठवड्यांत थोडाथोडा वाढवीत न्यावा.

दांडेलीच्या रानातील गव्याला हे कोणी शिकविलेले नाही. त्याचा आहारच ऋतूबरोबर हळूहळू पालटतो आणि त्यासवे पोटातील जिवाणूंचा मेळही पालटतो. बंदिस्त प्राण्याला हा फेरपालट क्वचितच लाभतो. डूक नावाच्या, पाला खाणाऱ्या माकडांवरील एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. रानातील माकडांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार सर्वाधिक, अर्धबंदिस्त माकडांत कमी व प्राणिसंग्रहालयातील माकडांत त्याहून कमी आढळले. प्राण्यांपुढे पाव-बिस्किटे टाकणाऱ्या मुलांना शिक्षकांनी हे अवश्य सांगावे.

सुबाभळीची हकीकत तर अधिकच बोलकी आहे. मणिभाई देसाई यांच्या काळात उरुळी कांचनच्या संस्थेने या झाडाचा मोठा प्रसार केला. पाला पौष्टिक, पण त्यात मिमोसिन हे विषारी द्रव्य असते. ऑस्ट्रेलियात या पाल्याने जनावरांचे केस गळत, गलगंड होई. हवाई बेटांतील शेळ्या मात्र तो निर्धोक खात. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने 1980 नंतरच्या दशकात त्या शेळ्यांच्या कोठीपोटातील जिवाणू ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात पोहोचविले, आणि विषबाधा टळली. 1992 साली या जिवाणूला जोन्स यांच्यावरून सिनर्जिस्टिस जोन्सिआय हे नाव मिळाले. तरीही आपण सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे जाऊ देऊ नये.

एक अपवाद ध्यानात ठेवावा. पाण्याच्या ताणात वाढलेली कोवळी ज्वारी व तिचे फुटवे यांतील विष कोठीपोटातील जिवाणूच अधिक लवकर मोकळे करतात. तेथे सवयीचा भरवसा धरू नये. तसा चारा मुळीच घालू नये.

जनावराची पचनक्रिया ठप्प झाली, तर घरगुती काढ्यांत वेळ न दवडता पशुवैद्यांना बोलवावे. निरोगी जनावराच्या कोठीपोटातील ताजा द्रव आजारी जनावराला देण्याचा उपाय त्यांना अवगत असतो.