ओल्या बाळंतिणीचा हक्क

बाळंतपणानंतर मातेला ग्रासणारे औदासीन्य हा केवळ मनाचा प्रश्न नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात २३ टक्के माता या विकाराने ग्रस्त आढळल्या. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला.

बहुतेकींवर बाह्यरुग्ण विभागात, समुपदेशनाने व आवश्यक तेथे औषधांनी, उपचार होऊ शकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो हक्कही दिला आहे. परंतु तान्हे मूल उराशी धरून, रोज बुडवून, वारंवार जिल्ह्याचे रुग्णालय गाठणे मजूर स्त्रीला कसे परवडावे? उपचार विनामूल्य असले तरी खेप विनामूल्य नसते.

म्हणून बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्रात आईच्या मनाचीही विचारपूस व्हावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरली पाहिजे.