दूरस्थ बैठका : क्रीडातत्त्वे, आभासी वास्तव आणि सहभागाचा प्रश्न
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शासनव्यवहारातील बैठक पडद्यावर आली ती काही केवळ २०२० च्या टाळेबंदीमुळे नव्हे. केंद्र व राज्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना पंतप्रधानांसमोर एकाच पडद्यावर आणणाऱ्या ‘प्रगती’ व्यासपीठाचा प्रारंभ २५ मार्च २०१५ रोजी झाला होता. टाळेबंदीने हीच पद्धत तालुक्यापर्यंत आणि शाळेच्या वर्गापर्यंत नेली. प्रवासाचा खर्च वाचला, उपस्थितीही वाढली. परंतु उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे, आणि आजच्या विषयाचे मूळ या फरकात आहे.

पडद्यावरील बैठक थकवते का? स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये याची चार कारणे मांडली : सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे, हालचालीवर येणारे बंधन आणि हावभाव समजून घेण्यासाठी मेंदूला पडणारे जादा श्रम. यातील काही त्रास स्वतःचे चित्र लपवून व कॅमेरा अधूनमधून बंद ठेवून कमी होतो. त्याला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

या प्रश्नाला भारतीय पूर्वपीठिका आहे आणि ती आपण विसरता कामा नये. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचली. हा संवाद एकतर्फी होता. गावाने पाहायचे आणि ऐकायचे. पुढे १९९६ मध्ये इस्रोने मध्य प्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात विकास संचार प्रकल्प सुरू केला. तेथे खेड्यांतील ग्रहणसंचांच्या जोडीला विकासखंडांच्या मुख्यालयांत उलट बोलण्याची, म्हणजे ‘टॉकबॅक’ची, सोय होती. चित्र एकाच दिशेने जाई, आवाज मात्र दोन्ही दिशांनी. माझ्या मते प्रेक्षक सभासद झाला तो या उलट आवाजामुळे.

आता क्रीडातत्त्वांकडे वळू. ‘गेमिफिकेशन’ ही संज्ञा निक पेलिंग यांनी २००२ मध्ये वापरली. खेळाबाहेरच्या कामात गुण, बिल्ले, क्रमवारी, टप्पे अशा घटकांचा वापर करणे, असा तिचा सर्वसाधारण अर्थ. २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘मिशन कर्मयोगी’च्या आयगॉट मंचावर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्यास ‘कर्म पॉइंट्स’ मिळतात, हे आपल्याकडील ठळक उदाहरण होय.

गुण दिले की उत्साह वाढतो, हे गृहीतक मात्र तपासून घ्यावे लागेल. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर प्रयोग केला. ज्यांना आधीच प्रमाणपत्राचे आमिष दाखवले होते, ती मुले एक-दोन आठवड्यांनी आपखुशीने कमी चित्रे काढताना आढळली. बक्षीस अनपेक्षितपणे मिळालेल्या मुलांत ही घट दिसली नाही. सराव चाचण्यांच्या क्रमवारीचा अनुभव आपणा सर्वांना आहेच. पहिल्या दहांना ती चेतवते, तळातल्यांचे काय होते ते मी सांगायला नको. बैठकीत बोलण्याला गुण ठेवले, तर बोलणे वाढेल, विचार वाढेलच असे नाही.

मग कोणते क्रीडातत्त्व उपयोगी? समजा, पाणीपुरवठ्याच्या आढाव्यासाठी चाळीस ग्रामसेवक पडद्यावर जमले आहेत. नेहमीप्रमाणे वरिष्ठ अधिकारी प्रथम बोलले, की चाळीसही जण त्यांच्या मताला मान डोलावतात. त्याऐवजी आरंभीच निनावी मतदान घ्यावे : योजना कशामुळे रखडली, वीजजोडणी, पाण्याचा स्रोत की देयके? दोन मिनिटांत उत्तरे पडद्यावर येतात आणि चर्चा साहेबांच्या मतावरून नव्हे, त्या आकड्यांवरून सुरू होते. रँड संस्थेत १९५० च्या दशकात विकसित झालेल्या ‘डेल्फी’ पद्धतीचा गाभाही निनावी मतांच्या फेऱ्या हाच आहे. येथे खेळाचा नियम दुर्बळाला पाळी मिळवून देतो. आपल्या श्रेणीबद्ध प्रशासनात ही लहान गोष्ट नाही.

आभासी वास्तवाविषयी अपेक्षा फार मोठ्या होत्या. इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचा दर्शक दाखवला, तेव्हा तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. उपकरणे आता हलकी झाली. तरी मायक्रोसॉफ्टची ‘अल्टस्पेस’ ही आभासी भेटींची सेवा मार्च २०२३ मध्ये आणि मोझिलाची ‘हब्स’ मे २०२४ मध्ये बंद झाली. डोळ्यांना गती दिसते, अंतर्कर्णाला ती जाणवत नाही. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळते. अंध सहभागीला तर अशा दालनाचा उपयोग कितीसा? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर हा प्रश्न ऐच्छिक राहिलेला नाही. शिवाय दर्शक डोक्याच्या व हातांच्या हालचाली टिपतो, म्हणून डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या चौकटीतही त्याचा विचार करावा लागेल.

जेथे जागा हाच चर्चेचा विषय असतो, तेथे मात्र या तंत्राला तोड नाही. खाणीतून बाहेर पडण्याचा सराव, पूरग्रस्त वस्तीतील सुटकेचा मार्ग, बांधकामापूर्वीचा पूल, हे नकाशावर समजावण्यापेक्षा त्यात उभे राहून समजते. त्यासाठी महाग उपकरण हवेच असेही नाही. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा दर्शक आणला होता आणि चहूबाजूंचे छायाचित्र साध्या मोबाइलवरही फिरवून पाहता येते. मासिक खर्चाचा ताळेबंद वाचण्यासाठी मात्र चष्मा चढवण्याचे कारण मला दिसत नाही.

आता आपले प्रश्न घेऊ. मागच्या रांगांपासून सुरुवात करू. चिठ्ठीवर नाव लिहिण्याची आवश्यकता नाही.