ओंडक्यातले प्रवासी
(ट्रस्टच्या हीरक महोत्सवी सभेतील भाषण)



हीरक महोत्सवाचा मंगल प्रसंग, आणि भाषण कशावर, तर ओंडके व जळाऊ लाकूड यांवर! काहींना नवल वाटले असेल. परंतु आपल्यांत लाकडाचा व्यापार करणारी घरे आहेत, आणि ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत अशी तर पुष्कळच आहेत. दोघांच्याही उपयोगी पडेल असे चार शब्द सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

आपल्या मध्यप्रदेशात जंगलचे लाकूड हलवावयाचे म्हणजे वाहतुकीचा पास लागतो. वखारवाले त्याला 'टी.पी.' म्हणतात. 1927 च्या भारतीय वन कायद्यात त्याची तरतूद आहे. नाक्यावरचा मनुष्य पाहतो ते एवढेच, की लाकूड कोणाचे, कोठले आणि चोरीचे तर नाही ना. लाकडाच्या आत कोण बसले आहे, याची चौकशी तो करीत नाही. अमेरिकेतील कित्येक राज्यांत नेमकी हीच चौकशी होते, आणि तिला कारणही तसेच घडले.

2002 साली मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ ॲश नावाची झाडे वाळू लागली. शोध करता पाचूसारखा हिरवा, जेमतेम अर्ध्या इंचाचा एक भुंगेरा सापडला. हा मूळचा पूर्व आशियातला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, झाडाचा अन्नरस तुटतो आणि दोन ते चार वर्षांत भला थोरला वृक्ष उभ्याचा उभा वाळतो. मेलेल्या झाडांची वलये तपासली, तेव्हा हा पाहुणा पुष्कळ वर्षे आधीच येऊन राहिला होता असे दिसून आले.

आपल्या पंखांनी हा किडा वर्षाकाठी फार दूर जात नाही. परंतु सहलीस निघालेला गृहस्थ मोटारीच्या डिकीत चार लाकडे टाकतो, आणि किडा एका दिवसात तीनशे मैल पुढे! म्हणून 2003 साली तेथील केंद्र सरकारने निर्बंध घातले. बाधित मुलखातून ॲशचा ओंडका बाहेर न्यावयाचा तर दाखला हवा. त्यासाठी साल व तिच्याखालचे अर्धा इंच लाकूड तासून काढावे, अथवा लाकूड भट्टीत तापवावे. जळणाच्या बाबतीत तर एकट्या ॲशवर न थांबता सगळ्याच रुंदपर्णी झाडांचे लाकूड निर्बंधात घेतले. वरवर पाहता हा जुलूम वाटेल. पण फोडलेल्या लाकडावरून झाडाची जात ओळखणे तपासनिसालाही अवघड जाते, हे आपल्या वखारवाल्यांना आम्ही सांगावयास नको. मिशिगनमध्ये मॅकिनॉ पुलाच्या तोंडाशी जळण तपासण्याचा नाकाच बसला.

परदेशी माल धाडणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना याच जातीचा एक नियम ठाऊक असेल. लाकडी खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सियसला 30 मिनिटे तापवून त्यावर कणसाचा शिक्का मारावा लागतो, तो याच भीतीपोटी.

एवढे करूनही किडा थांबला नाही. तीसाहून अधिक राज्यांत तो पोचला, कोट्यवधी झाडे गेली, आणि 14 जानेवारी 2021 रोजी केंद्राने निर्बंध उठवले. मग ही सारी खटपट फुकट गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. 1869 च्या सुमारास बोस्टनजवळ एका हौशी संशोधकाने युरोपातून आणलेले पतंग निसटले. त्यांच्या सुरवंटांनी ओकची राने उघडी केली. या जातीच्या मादीला उडता येत नाही. ओंडका, गाडी, खुर्ची, सापडेल त्यावर ती अंडी घालते. म्हणजे तिचे वाहन आपणच! 1912 पासून तिच्यावर निर्बंध आहेत, पाळतही आहे, आणि दीडशे वर्षे लोटली तरी पश्चिमेकडील राज्यांत तिचे बस्तान बसलेले नाही. ॲशच्या बाबतीत मात्र शत्रू घरात शिरून बसल्यावर दार लावले गेले.

केंद्राचा निर्बंध गेला तरी राज्यांचे नियम आहेत, आणि ते एकसारखे नाहीत. न्यूयॉर्क राज्यात परराज्यातले कच्चे जळण आणता येत नाही. राज्यातलेही 50 मैलांपलीकडे नेता येत नाही. 71 अंशांवर 75 मिनिटे तापवलेले असेल तरच मुभा.

तेव्हा उन्हाळ्यात मुलांकडे जाणाऱ्या मंडळींनी शेकोटीचे जळण मुक्कामाजवळच विकत घ्यावे, आणि उरले तर घरी न आणता तेथेच जाळावे. मुले त्या भागातून बिऱ्हाड हलवीत असतील, तर अंगणातली टेबले-खुर्च्या उलट्या करून पाहण्याचे काम आजोबांनी आपल्याकडे घ्यावे. फिकट बदामी, मखमलीच्या तुकड्यासारखे काही चिकटलेले दिसले तर ती त्या पतंगाची अंडी. ती खरवडून साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवतात.