झाडपाल्याचंच तर आहे, काय होणार?



मागच्या उन्हाळ्यात टाहोजवळ फिरताना माझ्या लेकीने ओल्या कुरणातल्या एका झाडाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. छातीएवढं उंच, मक्यासारखी रुंद पानं, वर पांढुरक्या फुलांचा तुरा. कॉर्न लिली. घरी येऊन त्याची माहिती काढली आणि बसलोच.

ही हकिकत आयडाहोमधल्या मेंढपाळांची. त्यांच्या कळपांत काही कोकरं चेहऱ्याच्या मधोमध एकच डोळा घेऊन जन्मायची. फार जगायची नाहीत. आधी संशय आला तो वंशदोषाचा. मग १९५०च्या दशकात सरकारी कृषी खात्याचे शास्त्रज्ञ आले. त्यांच्यातला एक तर उन्हाळ्यात कळपाबरोबर डोंगरात राहिला, मेंढ्या काय खातात ते बघत. दोषी ठरली ती हीच कॉर्न लिली.

पण मेंढीने ती कधीही खाल्ली म्हणून एकडोळं कोकरू होत नाही. गाभ राहिल्यावर साधारण चौदाव्या दिवशी खाल्ली तर होतं. मेंढीचा गाभणकाळ जवळपास पाच महिन्यांचा. त्यातला हा एवढासा काळ, आणि त्या वेळी आई पुष्कळदा ठणठणीत दिसते. माझं पोट सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यावर चालतं, पण चूक आज आणि परिणाम पाच महिन्यांनी, तोही दुसऱ्याच जिवावर, असं प्रकरण माझ्याकडे कधी आलेलं नाही.

त्या झाडातल्या द्रव्याला सायक्लोपामिन म्हणतात. एका डोळ्याच्या राक्षसावरून, सायक्लॉप्सवरून ठेवलेलं नाव. गर्भात मेंदू आणि चेहरा घडताना डावं-उजवं वेगळं व्हा असा एक संदेश पेशींना जातो. हे द्रव्य तो संदेशच अडवतं. हे नेमकं कळायला १९९८ साल उजाडलं. काही कर्करोगांत हाच संदेश नको तिथे चालू राहतो, म्हणून तोच मार्ग अडवणारं एक औषध त्वचेच्या कर्करोगासाठी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. गर्भवतीने ते घेऊ नये, असा ठळक इशारा त्याच्यावर असतो.

वनस्पतीतली सगळीच द्रव्यं वैरी नसतात. द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल घ्या. डुकरिणीची स्त्रीबीजं प्रयोगशाळेत बशीत वाढवताना ते अगदी थोडं घातलं, तर त्यांतून चांगले गर्भ जास्त मिळतात. अंडाशयाबाहेर बीजावर ऑक्सिजनचा ताण येतो, तो हलका होतो. मात्रा वाढवली की तेच द्रव्य नुकसान करतं.

आता हे सगळं मी का सांगतोय? दोन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना आत्याने माझ्याकडे एक बरणी दिली होती, माझ्या धाकट्या भावाच्या बायकोसाठी. तिला तेव्हा सातवा आठवडा होता. गर्भ टिकण्याची भुकटी, एका ओळखीच्या वैद्यांकडची. बरणीवर घटकांची चिठ्ठी नाही. ती म्हणाली, "दादा, यात आहे काय?" मी हसून म्हणालो, "अगं, झाडपाल्याचंच तर आहे, काय होणार?" एमबीए झालेला माणूस, औषधाची गोळी घेताना कागद वाचणारा, आणि इथे एक प्रश्न विचारला नाही.

तिने मात्र बरणी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी एवढंच म्हटलं, की आत काय आहे ते कळल्याशिवाय नको. स्वयंपाकातल्या हळदी-मेथीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. प्रश्न होता पूड, अर्क आणि गोळ्यांचा, जिथे मात्रा कितीतरी पटींनी वाढते. आणि माणसाच्या गर्भाचा मेंदू, चेहरा घडायला लागतो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचं नक्की कळलेलंही नसतं. म्हणजे मूल हवं असं ठरवलं, तेव्हापासूनच बरण्यांची चौकशी करायला हवी.

आयडाहोच्या मेंढपाळांनी झाड उपटत बसण्यापेक्षा सोपं केलं. गाभ राहण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत मेंढ्या त्या कुरणांत न्यायच्याच नाहीत.

आत्याला मी फोन केला. ती जरा दुखावली, मग म्हणाली, "थांब, वैद्यांना विचारून कागदावर लिहून घेते." पुतणी आता दीड वर्षाची आहे. तो कागद अजून आलेला नाही, आणि बरणी माझ्याच कपाटात आहे.